देवपूरहून आणलेला बँडसॉ

२ डिसेंबर, मंगळवार
यांना व्यायाम शिकवायला येणाऱ्या मॅडम आज म्हणाल्या, "काकू, काकांना त्यांच्या जुन्या कामाजवळ बसवा. चेंडू दाबून दाबून कंटाळलेत ते." खरं आहे. मार्चमध्ये अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून उजवा हात मेलेला. पाय सुधारला, काठी घेऊन अंगणापर्यंत जातात. बोलणं मात्र अडकलंय. काहीही विचारा, तोंडातून "मंगळवार" येतं. चहा हवा, मंगळवार. डास चावला, मंगळवार. आज खरोखर मंगळवार होता म्हणून मला हसू आलं. हे नाही हसले.
संध्याकाळी यांची निळी वही काढली. तीस वर्षं वरणगावच्या फॅक्टरीत फिटर होते. रिटायर झाल्यावर घरी लाकूडकाम करायचं म्हणून बँडसॉचं चित्र काढून ठेवलेलं. वर एक चाक, खाली एक चाक, दोन्हींवरून फिरणारं करवतीचं लांब पातं, मधे टेबल. मी चित्रावर बोट ठेवलं तर यांनी डाव्या हाताने ते बोट धरलं. सोडेनात.
घ्यायचं. चालवणार कोण ते नंतर.

६ डिसेंबर, शनिवार
जळगावातल्या एका हत्यारांच्या दुकानात गेलो. नवं, लहान, टेबलावर ठेवायचं मशीन. रंग छान. दुकानदार माझ्याशीच बोलत होता, यांच्याकडे बघेना. "मॅडम, घरच्या कामाला हे फर्स्टक्लास." यांनी मशीनवर डावा तळवा ठेवला आणि चालू करायची खूण केली. थोडा वेळ डोळे मिटून उभे राहिले, मग मान हलवली. मीही हात ठेवून पाहिला. सगळं अंग थरथरत होतं मशीनचं. पत्र्याचं.
दुकानदार म्हणाला, "काकांना काय कळतंय आता." मी काठी उचलून यांच्या हातात दिली आणि निघालो. बाहेर आल्यावर दोघं उसाचा रस प्यायलो.
दुकानात उभा असलेला एक सुतार मागून आला. म्हणाला, धुळ्याला देवपुरात एक नाना आहेत, ओतकामाचे लाकडी साचे करायचे, डोळे गेले म्हणून बँडसॉ विकतायत. बिडाचा, ओतीव लोखंडाचा आहे, हलणार नाही. नंबर दिला. नाव विचारायचं राहिलं त्याचं. बरं होवो त्याचं.

१४ डिसेंबर, रविवार
धुळे. एसटीने गेलो. कंडक्टरने पुढची सीट रिकामी करून दिली.
नाना अठ्ठ्याहत्तरचे. डोळ्यांना फक्त उजेड कळतो. मशीनजवळ मात्र सरळ चालत गेले. चौदा इंची चाकं, घरच्या लाइटवर चालणारी मोटर. "आते डोया काम नही देतस," म्हणाले, "पन मशीनमा बठ्ठं बराबर शे." सगळं ठीक आहे म्हणे. यांनी तळवा ठेवला. मशीन चालू झालं. टेबलावर नानांच्या चहाची कपबशी होती, ती वाजलीसुद्धा नाही. यांनी माझ्याकडे पाहिलं. ठरलं.
मग नानांनी विचारलं, "पातं कोन बसाडी?" नवं पातं कोण बसवणार. मी म्हटलं, एखादा मिस्त्री बोलवू. नाना म्हणाले, "मिस्त्री रोज येवाव नही. बेटा, तू शिकी ले."
मी. छप्पन्न वर्षांची, जन्मभर चौथीला भूमिती शिकवलेली. नानांनी माझा अंगठा धरून पात्याच्या बाजूवर टेकवला आणि दाबायला लावलं. किती दबतं ते असं पाहायचं म्हणे. यांना नाही शिकवलं, मला शिकवलं. वाटलं, यांना वाईट वाटेल. पण हे मान डोलवत होते.
दोन जादा पाती तशीच दिली.

२१ डिसेंबर, रविवार
मशीन आलं. धाकट्या दिरांनी, प्रभाकर भाऊजींनी, असोद्याहून केळीची पिकअप नेली होती. चार माणसं लागली उतरवायला. मागच्या शेडमध्ये केळीची वाळकी पानं पसरली सगळीकडे.
भाऊजी घाम पुसत म्हणाले, "वहिनी, भाऊले तर एका हाताने जेवताबी येत नाही. हे चालवीन कोन?"
"मी."
जाताना मोटरची वायर दोनदा तपासून गेले. केळीचा घड ठेवून गेले.

२४ डिसेंबर, बुधवार
दोन्ही चाकांवरचे रबर कडक होऊन तडकलेले. नानांना फोन. नवे आणले. चाकापेक्षा लहान असतात, ताणून बसवायचे. नानांनी सांगितल्याप्रमाणे गरम पाण्यात भिजवले, माझ्या पुरणाच्या पातेल्यात. मी एका बाजूने ताणते, हे डाव्या हाताने दुसरी बाजू दाबून धरतात. तीनदा निसटला. चौथ्यांदा बसला. नऊ महिन्यांत दोघांनी मिळून केलेलं हे पहिलं काम, औषधं सोडली तर.
पातेलं घासलं. वास गेला नाही.

२८ डिसेंबर, रविवार
पातं बसवलं. वरचं चाक हाताने फिरवत मागची घुंडी हळूहळू पिळायची, पातं चाकाच्या मधोमध आलं पाहिजे. अर्धा तास गेला. आलं. गुण्या लावून टेबल काटकोनात केलं. ते मला जमणारच होतं. मोटर चालू. निंबाची फळी पुढे ढकलली.
कापेना. धूर. फळी काळी पडली. मी आणखी जोर लावला.
यांनी काठी आपटली. मोटर बंद केली. हे पात्याच्या दातांकडे बोट दाखवतायत. दात वरच्या दिशेला! उलटं बसवलं होतं मी, आतलं बाहेर. दात खाली, टेबलाकडे हवेत.
हे हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, तोंड एका बाजूला वाकडं, आवाज घोगरा. मार्चपासून ऐकला नव्हता हा आवाज. मीही खाली बसले फळीवर.
पुन्हा सगळं काढायचं होतं. काढलं, आनंदाने.

३० डिसेंबर, मंगळवार
पातं सुलटं बसवलं. मी ताण देत होते. यांनी डाव्या अंगठ्याने पातं दाबून बघितलं, मग गिटारच्या तारेसारखं छेडलं. म्हणाले, "ढिलं."
मी घुंडी सोडून यांच्याकडे बघत राहिले. "काय म्हणालात?"
"ढिलं. अजून."
मी अजून पिळलं. "अजून," हे म्हणाले. मग छेडून, ऐकून, "बास."
तीन शब्द. तिन्ही बरोबर. पात्याला दोन्हीकडून आधार देणारे गाइड किती जवळ ठेवायचे ते मला कळत नव्हतं, तर यांनी खिशातून एसटीचं तिकीट काढलं, धुळ्याचं, आणि मधे सरकवलं. कागदाएवढी फट. फॅक्टरीत सुताच्या, म्हणजे इंचाच्या आठव्या हिश्श्याच्याही, भागात मोजणारा माणूस. मी विसरले होते का हे? थोडं विसरले होते. सगळे यांच्याशी लहान मुलाशी बोलतात तसं बोलतात, आणि मीही.
फळी कापली. सरळ, शांत. मॅडमना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "काकू, लिहून ठेवा." म्हणून लिहिते.

११ जानेवारी, रविवार
पोळपाट कापायला घेतला. कंपासने गोल आखला, बाभळीची जाड फळी. अर्ध्यावर गेले आणि बंदुकीसारखा आवाज झाला. पातं तुटलं. मशीनचं दार बंद होतं म्हणून आतच राहिलं. हे उठून उभे राहिले होते, काठी न घेता.
नानांचा नंबर लावला. नाना शांत. पातं केवढं? अर्धा इंच. एवढं रुंद पातं लहान गोलात वळवलं की पीळ बसतो, मग तुटणारच. गोलासाठी पाव इंची लावायचं. आणि काम संपलं की पात्याचा ताण सोडून ठेवायचा. मी बारा दिवस तसंच ताणून ठेवलं होतं. "काम व्हयनं का पातं ढिलं करी ठेव. त्याले बी आराम पाहिजे."
रागावले नाहीत. उलट विचारलं, "बेटा, तुले लागनं तर नही?"

१८ जानेवारी, रविवार
पहिला पोळपाट झाला. पूर्ण गोल नाही, एका बाजूला फुगलाय. शेजारच्या सुमनताईंनी तरी मागून नेला. आता आणखी तिघींना हवाय. हे रोज सकाळी शेडमध्ये माझ्या आधी जातात. चाकांवरचा भुसा ब्रशने झाडतात, टेबलावर मेण घासतात. शब्द वाढलेत. "तेल." "दात." "हळू." एकदा "मूर्ख", मला उद्देशून. चालेल.

२४ जानेवारी, शनिवार
भाजी घेऊन आले तर हे मशीनसमोर उभे. मोटर बंद, प्लग काढलेला, तेवढं भान होतं. डाव्या हाताने फळी पात्याकडे ढकलून बघत होते. उजवा हात टेबलावर, पात्याच्या दाताला टेकलेला. मनगटाजवळ कापलेलं, सदऱ्याला रक्त. यांना कळलंच नव्हतं. त्या हाताला काही कळतच नाही.
मी ओरडले. नको ते बोलले. "चालू असतं तर काय झालं असतं? हात गेला असता तुमचा, आणि तुम्हाला पत्ताही लागला नसता."
हे म्हणाले, "मी... करतो."
"नाही."
"माझं आहे."
दोन शब्दांचं पूर्ण वाक्य, आणि मला त्याचा आनंद करता आला नाही. शेडला कुलूप लावलं.

२९ जानेवारी, गुरुवार
पाच दिवस. हे गप्प. जेवण अर्धवट. आज काय हवं विचारलं तर पुन्हा "मंगळवार".
भाऊजींना सांगितलं. ते म्हणाले, "मशीन इकून टाका वहिनी. जीवापेक्षा मोठं हाय का?" त्यांचं चुकत नाही.
दुपारी नानांना फोन केला, काही विचारायचं म्हणून नाही. नाना म्हणाले, डोळे अधू झाले तेव्हा त्यांच्या घरीही खोलीला कुलूप लागलं होतं. महिनाभर नाना ओट्यावर बसून राहिले. मग बायकोनेच कुलूप काढलं, पण आधी एक अट घातली, हात पात्याजवळ जाणारच नाहीत असं साधन कर, मग किल्ली. नानांनी केलं. "त्याले काय जमत नही ते मोजू नको. काय जमस, ते देख."
कुलूप काढलं.

३ फेब्रुवारी, मंगळवार
दोघांनी मिळून साधन केलं. यांनी वहीत डाव्या हाताने चित्र काढलं, वेडंवाकडं, पण माप लिहिलं ते बरोबर. टेबलावर बसणारी एक फळी, तिच्यात टोक वर केलेला खिळा. कापायच्या लाकडाचा मध्य खिळ्यावर टेकवायचा, फळीसकट ते लाकूड पात्यात सरकवायचं, फळी हलू नये म्हणून अडकण लावायची. मग लाकूड नुसतं गोल फिरवायचं, लांबच्या कडेला धरून. हात पात्यापासून वीतभर दूर राहतो. भूमितीतला कंपासच, फक्त इथे कागद फिरतो.
सरकवणं आणि अडकण लावणं माझं. मी चालवून पाहिलं. पोळपाट असा गोल आला की मला वर्गातल्या फळ्यावर काढता आला नसता.
फिरवायला एकच हात लागतो. आम्ही दोघांनीही ते पाहिलं.

५ फेब्रुवारी, गुरुवार
डॉक्टरांकडे. सगळं सांगितलं. फिट कधी आली नाही, बसल्यावर तोल चांगला, डाव्या हाताची पकड उत्तम. उजवा हात गळ्यात झोळी बांधून आत ठेवायचा, पाठ असलेल्या खुर्चीत बसायचं, बंद करायच्या बटणावर दुसऱ्याचा हात हवा. "मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही त्यांना रोज बघता." यांच्याशी थेट बोलले, हळू, उत्तराची वाट बघत. बाहेर आल्यावर हे म्हणाले, "चांगला माणूस." आभार मानायचे राहिले, फोन करून मानेन.

८ फेब्रुवारी, रविवार
सकाळी सात. पाव इंची पातं काल संध्याकाळीच लावलं, ताण यांनी छेडून ठरवला. आंब्याची फळी खिळ्यावर ठेवलीय. भाऊजी येतो म्हणालेत, अडवायला की बघायला ते सांगितलं नाही.
हे अंघोळ करून, झोळी स्वतःच गळ्यात अडकवून, मागे जाऊन बसलेत. मला बोलावलं नाही. मशीनसमोरच्या खुर्चीत सरळ पाठीने बसलेत, खिडकीतून दिसतायत. वरचं चाक हाताने फिरवून पात्याकडे बघतायत.
या वर्षाने काय नेलं ते मला माहीत आहे. परत काय काय दिलं तेही आता मोजायला लागलेय. देवपूरचे नाना, नाव न विचारलेला सुतार, हे शब्द एकेक. त्यात आणखी मागणं जास्त होईल का?
शेडची लाइट, मशीनचीसुद्धा, चालू करायचं बटण स्वयंपाकघरात आहे, दाराशेजारी. मी त्याच्याखाली उभी राहून लिहितेय. चहा दोन कप गाळलाय. यांनी आत्ता मान वळवून खिडकीकडे पाहिलं आणि डाव्या हाताने चालू करायची खूण केली. वही ठेवते, बटण दाबते, हात तिथेच ठेवते.