कोपऱ्यातला शिक्का

४ मे, रवि.
उन्हात निघायचं म्हणून महेशचा पोलराइज्ड गॉगल घातला होता. उघड्या जिन्यात लिफ्टची वाट बघत होतो. इरा नेहमीप्रमाणे काचेच्या कठड्याला रेलून. खाली चार मजले! या गॉगलमधून टफन्ड काचेवर फिकट ठिपके दिसतात. आमच्या काचेच्या कंपनीत रोज बघते. इथे एकही नाही. कोपऱ्यात 'टफन्ड'चा शिक्का मात्र आमच्याच कंपनीचा.
"इरा, मागे हो!"
"आई, इट्स जस्ट ग्लास."
तेच तर. नुसतीच काच.

५ मे, सोम.
आमच्याकडे काच आधी कापतात, भोकं पाडतात, शिक्का मारतात. मग भट्टीत मऊ पडायच्या बेतात आणून गार हवेचा झोत. मग ती टफन्ड, फुटली तरी खडीसाखरेसारखे दाणे होतात. साधी फुटली तर सुरे. आणि शिक्का भट्टीच्या आधी! रमजानात हवेचा ब्लोअर बंद पडला होता, मी सुट्टीवर पुण्याला. डिलिव्हरी थांबली नाही म्हणे. कशी थांबेल, माल तसाच पाठवला असणार.
मॅनेजरला मुसफ्फात, इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात गाठलं. "मॅडम, स्टँप लगा है ना? खलास."
खलास म्हणे! याची पोरं दुसऱ्या बिल्डिंगमध्ये राहतात.

७ मे, बुध.
बिल्डिंगचा एजंट: "कोना काट के ले जाओ, टेस्ट करवा लो." अरे बाबा, टफन्ड असेल तर कापता येतच नाही. ग्राइंडर जरा खोल गेला की अख्ख्या काचेचा चुरा. मी वेडी असल्यासारखा तो माझ्याकडे बघत राहिला.
महेश म्हणाला, "तुला सुट्टीतही दोष दिसतात. नोकरी घालवशील." जेवले नाही. संताप नुसता.

९ मे, शुक्र.
घरी आले तर कठड्याच्या सगळ्या कोपऱ्यांतले शिक्के गायब. वॉचमन म्हणाला, "आपकी कंपनी का आदमी आया था, मशीन लेके." काच बदलायची सोडून नाव पुसून गेले! लाज कशी वाटत नाही?
मग बोट फिरवलं. शिक्क्याच्या जागी चांगला खड्डा. ग्राइंडरने नखभर खोल घासलंय. आणि काच शाबूत.
एकही फुटली नाही. एकसुद्धा!
महेशला बाहेर बोलावून त्याचं बोट त्या खड्ड्यात ठेवलं. मग आत गेला आणि सोफ्याचं एक टोक उचललं. दुसरं मी. कठड्यासमोर आडवा लावलाय. इरा कुरकुरतेय, "सो एम्बॅरसिंग."

११ मे, रवि.
फोटो काढले. नगरपालिकेला मेल केला, एजंटला कॉपी, मॅनेजरलाही. खाली माझं पूर्ण नाव, हुद्दा, कंपनी. महेशने वाचला. एक शब्दही बदलला नाही.
उद्या कंपनीची बस नेहमीच्या वेळेला येईल. मी चढणार आहे. मला उतरवायचं तर सगळ्यांदेखत उतरवा.
सोफा बाहेरच आहे.