पांढरे मोजे

ता. १४, सोमवार, दुपार

चि. सौ. सूनबाईस,

अनेक आशीर्वाद. तुम्ही तिघं बरे असाल. मी ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण त्याला दुसरं काम तरी काय. पत्र तुझ्या नावाने आलं म्हणून दचकू नकोस, कुणी आजारी नाही. माझी शाळा चौथीत सुटली, तेव्हा अक्षर सांभाळून घे.

आपला मुकादम बोका मजेत आहे. त्याच्या पिसवा गेल्या. नुसतं सांगून तू विश्वास का ठेवावास, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

त्याला टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेला. वाटभर त्याने मला शिव्या घातल्या. बाईंनी त्याच्या मानेवर औषधाचे थेंब सोडले आणि विचारलं, "आजोबा, घराचं काय केलंत?"

मी म्हटलं, "पिसवा बोक्याला आहेत, घराला कुठे?"

त्या हसल्या. "बोक्यावर दिसतात त्या थोड्याच. अंडी, अळ्या, कोष सगळे तुमच्या फटींत आणि अंथरुणात. अजून काही आठवडे नव्या निघत राहतील, घाबरू नका."

मी घाबरलोच.

अंथरुणं उकळत्या पाण्यातून काढली. रोज कोपरान्‌कोपरा झाडायचा, केर लगेच पिशवीत बांधून घराबाहेर. फरशीच्या फटी सुईने उकरल्या. शिलाईचं दुकान बंद केल्यापासून सुई हातात धरली नव्हती, ती या कामी आली. बोक्याला दर महिन्याला थेंब. बाईंनी एक परीक्षाही सांगितली. पांढरे मोजे घालून घरभर फिरायचं, पिसू असली तर उडी मारून चढते आणि लगेच दिसते. माझ्याकडे पांढरे मोजे कुठले? जुन्या चादरीतून गुडघ्यापर्यंतचे शिवले.

पहिल्या दिवशी अकरा. मग सात. मग पुन्हा नऊ, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. गेले एकवीस दिवस मात्र एकही नाही. माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही, म्हणून रोज शेजारच्या मास्तरीणबाईंना चष्मा लावून बघायला लावतो. त्या म्हणतात, "तुमचे पाय बघण्यात माझी नोकरी जायची."

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते लिहितो. चार दिवस इथवर येऊन कागद फाडतो आहे.

गेल्या वर्षी तुम्ही आलात, दुसऱ्याच दिवशी छोटीच्या पायांवर लाल गांधी उठल्या, आणि मी म्हणालो, "तुमच्याच बॅगेतून आलं असेल, प्रवासात कुठेही टेकता." तू तिचे सगळे कपडे उकळून वाळत घातलेस आणि दोन दिवस आधी निघालात. तेव्हापासून मुलगा फोनवर म्हणतो, बाबा, रजा मिळत नाही. मी म्हणतो, बरं.

सूनबाई, मला माहीत होतं. तुम्ही यायच्या आधीच पांढऱ्या चादरीवर मला दोन दिसल्या होत्या. कळवलं तर तुम्ही येणार नाही, म्हणून ती काढून गर्द चॉकलेटी चादर घातली. चाळीस वर्षं कापडात गेली, कुठल्या रंगावर काय लपतं ते मला कळतं. त्याच चादरीवर छोटीला झोपवलं.

मुलाला हे अजून सांगितलेलं नाही. बोलणी तुला खावी लागली, म्हणून आधी तुला.

सोबतच्या पार्सलात ते मोजे आहेत. मुद्दाम धुतले नाहीत. उजेडात धरून बघ. तळवे मळके आहेत, तेवढं चालवून घे. छोटीसाठीही एक जोड शिवला आहे. माप गेल्या वर्षीचं, पाय वाढला असणार. शिवणीत कापड सोडून ठेवलंय, पण किती उसवायचं ते पाय बघितल्याशिवाय मला कसं कळणार?

पलंगावर पांढरी चादर घातली आहे. आलात तर तीच बॅग घेऊन या. तिची काही चूक नव्हती, आणि तुझीही.

तुझा सासरा