तक्ता तीन

३ मार्च, सोमवार
शुक्रवारी वर्गासमोर शोधनिबंध समजावून सांगायचा. गेल्या वेळी माझी दांडी गुल झाली. या वेळीही झाली, तर विषय राहिला आणि वर्ष गेलं. निबंधाचं शीर्षकच अडीच ओळींचं. सार एवढंच — कारखान्यातल्या आवाजाने बायकांचे कान जातात. हे सांगायला चार लेखक आणि बावीस पानं. धन्य आहे!

४ मार्च
पहिल्या शब्दापासून निष्ठेने वाचायला बसले. चार तासांत तीन पानं. महत्त्वाचं तेवढंच पिवळं करायचं ठरवलं होतं. आता न रंगवलेल्या ओळीच उठून दिसतात.

आई बाटल्यांच्या कारखान्यातून आली. एकोणीस वर्षं तिथेच. विचारलं, "चहा मी टाकू, की तू टाकतेस?" म्हणाली, "हो." हल्ली सगळ्यालाच हो. या चार लेखकांनी तिच्याकडे शिकवणी लावावी.

५ मार्च
मॅडमना माझी रंगकला दाखवली.
"छान. आता सांग, तपासल्या किती बायका?"
मी पिवळी पानं उलटू लागले.
"कादंबरीसारखं काय वाचतेस गं? आधी सारांश, मग निष्कर्ष, मग तक्ते. प्रस्तावना शेवटी. आणि दर तक्त्याशेजारी पेन्सिलीने लिहायचं — ही माणसं कोण?"
दोन वर्षं हे गुपित त्यांनी पोटात ठेवलं होतं. थोर मन.

६ मार्च
सारांश, निष्कर्ष — वीस मिनिटांत फस्त. बावन्न बायका, सगळ्या पंधरा वर्षांहून जास्त यंत्रांपाशी. मी आता विदुषीच. तक्ते तेवढे उरलेत.

पण वाचू देईल तर ना आई! टीव्हीवरच्या बातम्या सगळ्या इमारतीला फुकट. तीनदा सांगितलं, आवाज कमी कर. वळूनसुद्धा पाहिलं नाही. मावशीचाही मला फोन — "तुझी आई शिष्ट झालीय, माझे फोन उचलत नाही." म्हटलं, मावशी, तुला निदान लांबून सोसायचंय.

७ मार्च, सकाळ
तक्ता तीन. तपासणीआधी घरच्यांनी सांगितलेल्या तक्रारी.
टीव्ही मोठ्याने लावते — ४४.
फोन टाळते — ३९.
काहीही विचारलं तरी 'हो' म्हणते — ३७.
खाली बारीक अक्षरात: बहुतेक घरच्यांनी हा स्वभावातला बदल समजून सोडून दिलं.

शेजारी पेन्सिलीने मॅडमचा प्रश्न लिहिला. त्याखाली उत्तर लिहिलं. एकच शब्द. मला माझीच लाज वाटली.

७ मार्च, दुपार
वर्गात माझं नाव पुकारून झालं असेल. आम्ही कानाच्या डॉक्टरांच्या बाकावर आहोत. मी आईच्या उजवीकडे बसले होते. तिने माझा हात धरला आणि मला डावीकडे बसवलं.