उभा शब्द, तीन अक्षरे

सोमवार, २

पोहोचले एकदाची. दोन बॅगा, एक खोकंभर शब्दकोश आणि मी. मावशी स्टेशनवर उभीच होती आणि तिचं पहिलं वाक्य ठरलेलं, किती वाळलीस गं. मी वर्षभरात चांगली गुटगुटीत झालेय, पण मावशीला वजनकाटा मान्य नाही. आई गेली तेव्हापासून हिनंच मला वाढवलं, माझ्या वेण्या घातल्या, माझ्यासाठी शाळेत जाऊन भांडली. आपलं म्हणावं असं मला जगात हे एकच माणूस. म्हणून तर पगार बेताचा असूनही इथली नोकरी पटकन घेतली.

नोकरी तरी काय, इथल्या दैनिकात रोजचा सुविचार निवडायचा आणि शब्दकोडं रचायचं. लोक ज्यापायी सकाळचा चहा गार करतात तेच करायला मला पगार. मावशीच्या आनंदाला पारावार नाही. तिच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर कापून चिकटवलेले सुविचार इतके झालेत, की खालचा रंग कोणता ते तिलाही आठवत नाही. कोडं ती पेन्सिलनं सोडवते आणि मधेच कुणी उत्तर सांगितलं, की दिवसभर अबोला. मी मुकाट्यानं वागायचं कबूल केलंय.

गुरुवार, ५

कचेरी छान आहे. खाली छपाईयंत्र, वर आम्ही. मुद्रितं तपासणाऱ्या काकांनी मला खिडकीजवळची स्वतःची खुर्ची दिली, उजेडात डोळे टिकतील म्हणाले. संपादक भला माणूस, फक्त वाचक वाढले पाहिजेत हा एकच ध्यास. माझ्या आधी कोडं रचणाऱ्या म्हाताऱ्यांना सगळे चौकटराव म्हणतात. त्यांचे शब्द इतके अवघड असायचे, की पंडितांनीही डोकं धरावं. काम सोपवताना ते एवढंच म्हणाले, की रोजच्या वापरातला शब्द कोड्यात घालू नकोस. मी मान हलवली आणि मनात म्हटलं, आजोबा, तुमचा काळ गेला.

उद्याच्या अंकासाठी पहिलं कोडं दिलं. आडवा एक, 'चहा ढवळायला हवा', चमचा. सुविचार काही मनासारखा मिळेना, तर मीच रचला: घाईत घेतलेला निर्णय आणि घाईत प्यायलेला चहा, दोन्ही जीभ भाजतात. खाली सही, 'एक अनुभवी'. संपादकांना तो भयंकर आवडला, कोण हे गृहस्थ म्हणून विचारत होते. मी गालातल्या गालात हसले.

शनिवार, ७

एक गंमत लिहून ठेवते. काल दुपारपासून मावशी चहात साखर पेन्सिलनं ढवळतेय. मी हसले आणि म्हणणार होते, अगं मावशी, तो घे ना, तो— आणि पुढे शब्दच येईना. जिभेच्या टोकावर आहे, पण सुटत नाही. खण उघडला तर आत तसल्या बऱ्याच वस्तू पडलेल्या, लांब दांडा आणि टोकाला खोलगट. दोघी पाहत राहिलो आणि मावशीनं खण लावून टाकला.

कचेरीत शिपाई पट्टीनं ढवळतो. कुणालाच त्यात वावगं वाटत नाही. माझीच सूचना मला पाठ आहे, चहा ढवळायला हवा, तीन अक्षरं, आणि उत्तर येत नाही. मागच्या पानावर ते मी स्वतःच्या हातानं लिहिलंय. अक्षरं दिसतात, वाचता येत नाहीत. दगदग झाली असेल. इथे सध्या □□□ असं लिहून ठेवते.

मंगळवार, १०

वाचकांची पत्रं आलीत, कोडं आता झटकन सुटतं म्हणून. संपादक खूश. उद्यासाठी आणखी सोपं केलं. उभा दोन, 'वर नेतो, खाली आणतो', जिना. मावशी म्हणाली, हल्लीच्या कोड्यात डोकं फार चालवावं लागत नाही, पण तू केलंयस ना, मग मला आवडतंच. तिचं हे असं असतं. तरी मला आज सारखं उठबस करावंसं वाटतंय, कुठेच चित्त लागत नाही.

गुरुवार, १२

काल जे झालं ते नीट लिहायला हवं.

मी उशिरा पोहोचले. कचेरीच्या दारात माणसं वर बघत उभी होती. समोर पायऱ्या पायऱ्यांचं काहीतरी होतं, कठडा लावलेलं. मीही त्याच्यासमोर उभी राहिले आणि वर कसं जायचं याचा विचार करत राहिले. सकाळी लवकर आलेली मंडळी वरच्या खिडक्यांत. हातात पेपर, कोडं सोडवून झालेलं.

काकांना जेवायला घरी जायचं होतं. त्यांनी खिडकीतून खाली पाहिलं, नेहमीसारखं सगळ्यांना "येतो" म्हणाले आणि आले. तसेच, खिडकीतून. ते उठले नाहीत.

बाकीच्यांना उतरवायला मग कुणीतरी शिडी आणली आणि ती त्या पायऱ्यांनाच टेकवून लावली. ते पाहिलं आणि मला माझीच सूचना आठवली. वर नेतो, खाली आणतो. □□. हे मी केलं. काकांना मी मारलं.

शुक्रवार, १३

चौकटरावांकडे गेले. हे कोड्यामुळेच होतं का, म्हणून विचारलं. त्यांनी नाकारलं नाही, म्हणाले, हा पेपर वाचणाऱ्यांनी एखादा शब्द चौकटीत भरला, की तो त्यांच्यापुरता चौकटीतच राहतो, बाहेर येत नाही. वस्तू राहते, पण ती कशासाठी ते कळेनासं होतं. आधी का नाही सांगितलंत म्हटलं, तर म्हणाले, तू ऐकलं असतंस का?

त्यांच्या स्वयंपाकघरात एक म्हातारी वावरत होती. तिनं त्यांच्यासमोर चहा ठेवला. ते खालच्या आवाजात म्हणाले, ही बरीच वर्षं इथे आहे, भावाची बायको, पण तिला काय म्हणायचं आणि ती आपल्या घरात का, हे कळत नाही. मी म्हणाले, वहिनी. ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. मी पुन्हा म्हणाले, मोठ्यानं म्हणाले. त्यांना ओठ हललेले दिसले, बाकी काही नाही. तो शब्द छापला गेला तेव्हा मी या गावात नव्हते, म्हणून माझ्याकडे उरलाय. त्या म्हातारीनंही वळून पाहिलं नाही.

मंगळवार, १७

संपादकांना कोडं बंद करा म्हणून सांगितलं. त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं, काकांच्या जाण्यानं मनावर परिणाम झालाय म्हणाले. मी सोडलं तर त्यांचा भाचा रचायला तयारच आहे. त्यानं नमुनाही दिलाय, आडवा एक, 'जन्म देणारी', दोन अक्षरं. मग मी कशी सोडू? मीच रचणार. फक्त मेलेले शब्द घालणार, ज्यांच्यावाचून कुणाचं काही अडणार नाही.

सुविचाराच्या जागी छापलं: आजचे कोडे सोडवू नका. एक अनुभवी. लोकांना वाटलं नवी युक्ती आहे. अंक सकाळीच संपला.

मावशीला म्हटलं, आपण दोघी दुसरीकडे जाऊ या. ती म्हणाली, या वयात आता मी घर कुठे बदलू, आणि डोळ्यांखाली काळं का आलंय तुझ्या? मग जवळ बसवून डोक्याला तेल लावलं. मी रडले. ती चोळत राहिली.

बुधवार, १८

उद्याचं कोडं फार जपून केलं. मातंग म्हणजे हत्ती. अर्णव म्हणजे समुद्र. शीकर म्हणजे पाण्याचा तुषार. हत्ती हत्तीच राहील, समुद्र समुद्रच. प्रत्येक आडवा शब्द पुन्हा पुन्हा तपासला. बऱ्याच दिवसांनी आज पोटभर जेवले.

गुरुवार, १९, सकाळ

उभा चार. 'आईची बहीण.'

मी ही सूचना लिहिलेली नाही. मी हा शब्द घातलेला नाही. मातंगचं पहिलं अक्षर, त्याखाली अर्णवचं शेवटचं, त्याखाली शीकरचं पहिलं. आडवे सांभाळत बसले आणि उभ्यात काय उभं राहिलं ते पाहिलंच नाही.

संपादकांना फोन केला. म्हणाले, एका उभ्या शब्दाला सूचना राहून गेली होती, मीच घातली, सोपी आहे, आभार कसले मानता.

मी आभार मानले नव्हते.

थोड्या वेळानं

आमचा पेपर फाडून टाकला. मावशी हिरमुसली, कोडं तरी ठेवायचं होतंस म्हणाली. तिला सगळं सांगितलं. तिनं कपाळाला हात लावून ताप पाहिला. शपथ घातली, आज कोडं नको. बरं म्हणाली. मला बरं वाटावं म्हणून म्हणाली, कळतं ना मला—

दार वाजलं. गेली कुठे?

शेजारी. शेजारणीकडचा पेपर मागायला. पेन्सिल घेऊन गेलीय.

नंतर

मावशी मावशी मावशी मावशी. लिहीत राहिले तर जाणार नाही कदाचित. मावशी. मी उत्तर भरलेलं नाही पण उत्तर मला दिसलं, वाचलं, आता ते— मावशी. समोरच्या सगळ्या खिडक्यांत माना खाली, सगळ्यांच्या हातात पेन्सिली. कोपऱ्यावर एक मुलगी कुणाला तरी हाक मारत होती, मा— आणि मधेच थांबली, तोंड तसंच उघडं.

मावशी. माव

मा

दुपार

घरात एक बाई आहे.

शेजारून आली. हातात पेन्सिल. चेहरा ओळखीचा वाटतो, फार ओळखीचा, पण कोणाची कोण ते लागत नाही. मागचं पान भरून एकच काहीतरी लिहिलंय. अक्षर माझं. वाचता येत नाही.

आईची बहीण. आई कळते. बहीण कळते. दोन्ही मिळून जे होतं ते—

ती दारात थांबलीय. आत येऊ का म्हणून विचारतेय, हे घर तिचंच असेल असं वाटतं म्हणतेय. माझ्या डोक्याला हात लावायला आली, मी मागे सरकले. का सरकले? रडतेय. फार रडतेय.

म्हणाली, "तुझी आई माझी बहीण होती ना? मग मी तुझी कोण?"

मला रडू येतंय आणि का ते कळत नाही. मी तिला खुर्ची दिली. म्हणाले, बसा ना, रडू नका, आठवेल आपल्याला, तुम्ही माझ्या—