अर्धा तास, शब्द शून्य

२ मार्च, सकाळी
आजपासून घरात स्क्रीनबंदी. लेक छबी साडेचार वर्षांची झाली, ऑटिझम आहे, बोलणं जवळपास नाही. दोष कुणाचा हे कळायला मला डॉक्टर लागत नाही. सासूबाईंचा. सहा महिने आमच्याकडे राहिल्या आणि घासागणिक कार्टून लावत राहिल्या. मी बाटल्यांच्या झाकणांच्या कारखान्यात इन्स्पेक्टर आहे. चौदा वर्षांत एक वाकडं झाकण माझ्या नजरेतून सुटलेलं नाही. सासूबाई कशा सुटतील?

संध्याकाळी
स्पीच थेरपिस्टबाईंकडे जाऊन आलो. वय जेमतेम सव्वीस. म्हणाल्या, ऑटिझम कार्टूनमुळे होत नाही, आजीला बोल लावू नका. (सासूबाईंनी आधीच फोन केला असावा.) स्क्रीन कमी करा, पण त्या जागी माणूस हवं. रोज अर्धा तास तिच्यासोबत जमिनीवर बसा, ती दाखवेल ते बघा, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. एक तक्ता दिला. छबीची स्क्रीन किती मिनिटं, शब्द किती. तिसरा रकाना कोराच. विचारलं तर म्हणाल्या, महिनाअखेरीला बघू. एवढं शिकून काय सांगितलं, तर जमिनीवर बसा.

५ मार्च
दोन दिवस गडबडीत गेले. आज बसलो. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवला तर मोजणार कशावर? मोजल्याशिवाय माल पास होत नाही. शब्द नोंदवायचं ॲप घेतलं. जुना मोबाईल स्टँडवर, रेकॉर्डिंगला. छबीसाठी कारखान्यातून पिशवीभर झाकणं आणली, ती त्यांची रांग लावते. सवयीनं त्यातली तीन उचलली आणि ‘वाकडं, वाकडं’ म्हणत डब्यात टाकली. मग कामाला लागलो. अर्धा तास, शब्द शून्य.

९ मार्च
शून्य. बायको विचारते, बंदी एकट्या छबीलाच आहे का. हिला फरकच कळत नाही. छबी बघते ती करमणूक, मी बघतो तो डेटा. बाईंना फोन केला, शब्द का येत नाहीत? म्हणाल्या, बसताना मोबाईल बाजूला ठेवता ना? नाचता येईना अंगण वाकडं.

१४ मार्च
शून्य. छबी सारखी एकेक झाकण माझ्या नाकासमोर धरते, त्यात एन्ट्री चुकते. तिचा हात बाजूला केला. बसल्या बसल्या वेळ वाया नको म्हणून इअरफोन लावून एका तज्ज्ञाचं भाषण ऐकतो. विषय, मुलांना मोबाईलपासून दूर कसं ठेवावं. पाऊण तासाचं आहे. फार उपयुक्त. सासूबाईंना पाठवलं. उत्तर नाही. झोंबलं असणार.

१५ मार्च
कालचं भाषण पुरं करायचं होतं. बसणं राहिलं. तक्त्यात शून्य लिहिलं, बसलो असतो तरी तेच आलं असतं.

२१ मार्च
शून्य. छबी आता झाकण थेट मोबाईलवर आणून ठेवते, बरोबर स्क्रीनच्या मधोमध. बायको म्हणाली, अहो, ती तुम्हाला काहीतरी सांगतेय. म्हटलं, तक्त्यात तसं दिसत नाही.

२९ मार्च
ठरलं. थेरपिस्ट बदलायची. उद्या सगळी रेकॉर्डिंग घेऊन जाणार आणि तिथल्या तिथे सोक्षमोक्ष लावणार. मी तोंडही उघडणार नाही, पुरावा बोलेल.

३० मार्च, दुपारी
बाईंनी १४ मार्चचं रेकॉर्डिंग लावलं आणि आवाज वाढवला. छबी रांगेतलं एक झाकण उचलते, निरखते, माझ्यापुढे धरते आणि म्हणते, वाकडं. अगदी स्पष्ट. मी मोबाईलमध्ये. पुन्हा म्हणते. माझा हात तिला दूर सारतो आणि माझाच आवाज येतो, थांब गं, शब्द मोजतोय. ती झाकण डब्यात टाकते आणि दुसरं घेऊन येते.

बाईंनी बोटांवर मोजलं. त्या एका अर्ध्या तासात अकरा वेळा. बायको रडत होती. मला म्हणायचं होतं की इअरफोन फारच चांगल्या प्रतीचे आहेत. मग बाईंनी तिसऱ्या रकान्यावर ‘बाबांची स्क्रीन’ असं लिहिलं आणि पेन माझ्या हातात दिलं.

घरी येऊन डबा उपडा केला. एकेक झाकण तपासलं. सगळी वाकडी. पोरीनं एकही चुकीचं टाकलेलं नव्हतं. लाज वाटली.

संध्याकाळी
दोन्ही मोबाईल आतल्या खोलीत टेबलावर ठेवले. छबीसमोर रिकाम्या हातांनी बसलो. तिनं रांग लावली. एक झाकण उचललं, डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. मी हात पुढे केला. ती उठून माझ्या शेजारून आतल्या खोलीत गेली, झाकण मोबाईलवर ठेवलं आणि त्याला सांगितलं, वाकडं.