पारा कुंकवावर

कार्तिक वद्य ११, शके १८३५. सकाळ.
थंडी सुरू. अंगणातल्या नांदीतलं पाणी हाताला चावतं. लेक तुळजा बाळंतपणाला माहेरी आली आहे, आठवा लागला. दोन वर्षांमागं आमच्याच खोलीत तिचं पहिलं बाळ नवव्या दिवशी गारठून गेलं. नावसुद्धा ठेवायचं राहिलं होतं. त्या सकाळी सौ. वच्छला नदीवर गेली होती. बाजेखालच्या शेगडीत निखारे घालत राहायचं काम माझ्याकडं होतं, आणि मी उंबऱ्यात माळ घेऊन बसलो होतो. कोळसा ओला होता, विझला. हे मी तेव्हाही सर्वांना सांगितलं.
यंदा आच माणसाच्या भरवशावर ठेवायची नाही. संकल्प.

कार्तिक वद्य १३.
केजला जाऊन आलो. तहसील कचेरीतले सुंदरराव जुने स्नेही. त्यांनी कॅटलॉग दाखवला. विलायतेत असं यंत्र निघालं आहे की खोली तापली की भट्टीचं दार आपोआप मिटतं, निवली की उघडतं. माणूस लागतच नाही. चित्र बराच वेळ पाहत बसलो. पण त्याला लोखंडी भट्टी पाहिजे, धुराडं पाहिजे. आपली शेगडी मातीची, बाजेखाली सरकवायची. तिला दारच नाही. सबब बाद.
दुसरा उपाय थर्मामीटर. तो फक्त सांगतो, करत काही नाही. त्याला ऐकणारं घर लागतं. आमचं घर ऐकणारं आहे. तोच मागवला.

मार्गशीर्ष शुद्ध ६.
सुईण भिवराबाई येऊन तुळजाला पाहून गेली. तिला आचेची पद्धत विचारली. बाळंतिणीच्या नाकावर घाम आला की शेगडी मागं सारायची, बाळाचे तळपाय गार लागले की पुढं ओढायची, इतकंच तिचं शास्त्र. थर्मामीटरचं सांगितलं तर म्हणाली, “ह्याला काच कावून लागती, आण्णा?”
तळपाय ही काही मोजणी नव्हे. पण वाद घातला नाही. वय झालं आहे तिचं.

मार्गशीर्ष वद्य ३०. दुपार.
पार्सल आलं. शिसवी फळी, त्यावर नळी, नळीत पारा. देवापुढं ठेवून नमस्कार केला. आता खोलीला किती डिग्री बरी, हे ठरवणं आलं. जेवून ओसरीवर उन्हात बसलो, गार वाटेना, गरमही वाटेना, तेव्हा पाहिलं. ब्याऐंशी फॅरनहाइट. घरात सुखी असा सध्या मीच, म्हणून ब्याऐंशी कायम केलं.
सौ.ला आकडे वाचता येत नाहीत. ब्याऐंशीवर कुंकवाची रेघ ओढली. पारा रेघेच्या वर का खाली, एवढंच तिनं आतून सांगायचं. बारा दिवस मला आत जायला मज्जाव, सोयर पाळायचं. तेव्हा मी ओसरीवरून हुकूम देणार. पक्का बंदोबस्त.

पौष शुद्ध २. सूर्योदयाला.
मुलगी झाली. तुळजा बरी आहे. बाळ लहान आहे, भिवराबाई म्हणाली ओंजळभर. थर्मामीटर तत्काळ आत पाठवला.
थोड्या वेळानं आतून खळ्ळ असा आवाज. विचारलं. सौ. म्हणाली, तांब्या पडला. हल्ली तांबट पत्रा फार पातळ वापरतात.
नंतर पारा विचारला. कुंकवावर.

पौष शुद्ध ४.
तीनदा विचारलं, तिन्ही वेळा कुंकवावर. तरी दोन निखारे कमी करा असा हुकूम दिला, सवय राहावी म्हणून. “केले” असं उत्तर आलं. पुन्हा विचारलं. कुंकवावर. निखारे कमी करूनही ढळला नाही.

पौष शुद्ध ७. पहाट.
कडाका. नांदीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरला. शेजारच्या धुळाजीची दोन करडं गारठून मेली. खोलीत मात्र पारा कुंकवावर. चांगलं यंत्र घरात असलं की घराला वळण लागतं. सुंदररावांना पत्र लिहून कळवलं. माळ पुन्हा डोळे मिटून ओढू लागलो. दोन वर्षांत जमलं नव्हतं.

पौष शुद्ध १०.
नववा दिवस.
सौ.ला धुणं घेऊन नदीवर जाणं भाग होतं, भिवराबाई दुसऱ्या बाळंतिणीकडं गेली होती. वाटलं, शेगडीचं मला सांगतील. उंबऱ्यात बसून सरकवता येते. पण शेजारच्या भामाबाईला बोलावणं गेलं. माझ्यासमोरून ती आत गेली, पदर सावरून. बरोबरच आहे. मला नोंदी ठेवायच्या असतात.
आतून बराच वेळ बाळाचा आवाज नाही. बाळ रडतंय का, असं विचारायचं होतं. पारा विचारला. भामाबाई म्हणाली, कुंकवावर.
तिला कुंकवाचं कुणी शिकवलं, कोण जाणे. सौ.नंच असणार.
सांजेला बाळ रडलं. चांगलं जोरात.

पौष शुद्ध १३.
बारसं झालं. सोयर फिटलं. सुंदरा नाव ठेवलं. मी प्रथमच आत गेलो. बाळाचे तळपाय हातात घेतले, ऊबदार होते. मग भिंतीकडं पाहिलं. थर्मामीटरची खुंटी रिकामी.
कणगीमागं फडक्यात गुंडाळलेली फळी मिळाली. नळी फुटलेली. कुंकवाची रेघ शाबूत. पारा जमिनीच्या भेगांत केव्हाच गेला होता.
सौ.ला विचारलं, केव्हा फुटला. पहिल्याच दिवशी, म्हणाली. हुकूम? एकही पाळला नाही. मग बारा दिवस खोटं का बोललात?
ती पाळण्याची दोरी गुंडाळत होती. म्हणाली, “तुमी बाहेर निवांत ऱ्हावं म्हणून. तुमी काळजी करत बसला असता, तर आमाला दोन सांभाळावे लागले असते.”
बायका जेवायला उठल्या. खोलीत तुळजा, बाळ आणि मी. शेगडीवर पांढरी राख धरत होती. मी चिमटा उचलला.
तुळजा हळूच म्हणाली, “आण्णा, तुमी बसा बाहेर. भामाकाकू येतीय.”
चिमटा ठेवला. ओसरीवर येऊन बसलो. माळ घेतली नाही.
दोन वर्षांमागचा कोळसा वाळलेलाच होता.