मराठी भाषिकांना ‘इतर’ गटात न घालणेबाबत

प्रति,
मा. प्रमुख संशोधन अधिकारी,
हृदयरोग संशोधन विभाग,
शहर रुग्णालय.

विषय : हृदयरोग पाहणीतील मराठी भाषिकांचा गट बंद न करणेबाबत.
संदर्भ : आपल्या कार्यालयाचे गेल्या महिन्यातील पत्र.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्ज सादर करते की, मी हॉटेलच्या लाँड्रीतून निवृत्त झालेली, एकटी राहणारी महिला असून आपल्या पाहणीत मराठी भाषिक म्हणून सहभागी आहे. मराठी भाषिकांची संख्या अपुरी असल्याने मला ‘इतर’ गटात घेण्यात येत असून यापुढील मुलाखती येथील भाषेत होतील, असे आपण कळवले आहे. त्यास माझी नम्र हरकत आहे.

१. माझे यजमान वारले त्या दिवशी ते तपासणीच्या खोलीत “जीव घाबरा होतोय” एवढेच म्हणत होते. मी बाहेर बाकावर होते. अर्धवट मराठी समजणाऱ्या मदतनिसाने डॉक्टरांना सांगितले की, रुग्ण घाबरला आहे. त्यांनी धीर दिला, झोपेची गोळी लिहिली आणि घरी पाठवले. घर गाठण्यापूर्वी, बसथांब्यावरच, सारे आटोपले.

२. आपल्या मुलाखतकार बाई माझ्या घरी आल्या, तेव्हा हे शब्द लिहून घ्या असा मी आग्रह धरला. त्या म्हणाल्या, “काकू, याला रकानाच नाहीये.” मी म्हटले, “मग समासात लिही, बाई.” त्यांनी लिहिले. त्या दुपारी कित्येक वर्षांनी मी घसा बसेपर्यंत बोलले. त्या गेल्यावरही थोडा वेळ बोलत होते.

३. आपले पत्र मिळताच संख्या वाढवण्यासाठी मी स्वतः बाहेर पडले. बाजारात, बसमध्ये, दवाखान्याच्या रांगेत कान टवकारून उभी राहिले. एका इमारतीत लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्या बोटावर पाना पडला आणि तो “आई गं!” असे ओरडला. मला आनंद झाला, हे नमूद करणे भाग आहे. जवळ गेले तर म्हणाला, “मावशी, मला काही विकत घ्यायचं नाही.” मी म्हटले, “विकत नाहीये रे. फुकटात हृदय तपासतात, चल.”

आपल्या कार्यालयात नावनोंदणी करताना तो बोलता बोलता म्हणाला की, जिना चढला की छाती भरून येते. बाईंनी हातातले काम टाकून त्याचा हृदयालेख (ईसीजी) काढायला लावला. त्याच दिवशी त्याला दाखल करून घेतले. तो वाचला. हेच वाक्य अर्धवट मराठी समजणाऱ्या कोणी भाषांतर करून सांगितले असते, तर ऊर भरून येतो, म्हणजे त्याला रडू येते, एवढाच अर्थ निघाला असता.

४. तथापि तो आता बहिणीकडे परगावी राहायला जात आहे. सबब गटात मी एकटीच उरते, हे लपवत नाही.

एका माणसाचा गट होत नाही, इतके मला कळते. तरी गट ठेवणे शक्य नसल्यास वरील शब्द प्रश्नावलीत छापून घ्यावेत आणि बाईंना आणखी एकदा माझ्याकडे पाठवावे, ही विनंती. माझी उत्तरे मोजली नाहीत तरी चालतील.

मी मंगळवारी दुपारी घरी असते. इतर दिवशीही असते.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,
(सही)
निवृत्त इस्त्री कामगार
दिनांक : १४